वाचकांचे प्रश्न : दिव्याच्या ‘काचे’वरचा रंग

या खेपेला बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. गाडीच्या दिव्यावर मारलेला, चिकटवलेला किंवा डागासारखा बसलेला रंग घरातल्याच एखाद्या बाटलीने निघेल का, असे सगळ्यांना विचारायचे आहे. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती जवळपास प्रत्येक उत्तरात येणार आहे. आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, पण आजच्या गाड्यांवर ती काच नसते. हेडलाइटचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते. टेललॅम्पचे आणि बहुतेक इंडिकेटरचे अ‍ॅक्रिलिकचे. दोन्ही प्लास्टिके दिसायला सारखी, स्वभावाने अगदी उलटी. पॉलिकार्बोनेट स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल, सोसते; पण त्याच स्पिरिटने अ‍ॅक्रिलिकला चिरा जातात. कॉस्टिक सोड्याने अ‍ॅक्रिलिकचे काही बिघडत नाही, पॉलिकार्बोनेटला मात्र तो खातो. म्हणून कोणती बाटली घ्यायची हे नंतर. हातातला दिवा कशाचा आहे ते आधी बघायचे. आवरणाच्या कडेला किंवा दिवा काढल्यावर मागच्या बाजूला बारीक उठावाची इंग्रजी अक्षरे असतात. ‘पीसी’ म्हणजे पॉलिकार्बोनेट, ‘पीएमएमए’ म्हणजे अ‍ॅक्रिलिक. हेडलाइटवर ‘एचसीआर’ या अक्षरांजवळ ‘पीएल’ लिहिलेले असेल तर आवरण प्लास्टिकचे आहे.

जुनी हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने टेललॅम्पवर काळसर ‘स्मोक’ स्प्रे मारला आहे. दिवसा ब्रेक लागल्याचे मागच्याला दिसत नाही. थिनरने पुसू का? – एक वाचक, कोल्हापूर

थिनर नको. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगांच्या, थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखी द्रावणे असतात आणि ती अ‍ॅक्रिलिकच विरघळवतात. पहिल्या बोळ्याला काळा रंग येतो, माणूस खूश होतो. दुसऱ्या बोळ्याला लाल रंग येतो आणि पृष्ठभाग चिकट, ढगाळ होतो. ते पुन्हा नीट होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल यांचेही तसेच.

स्पिरिट आणि सॅनिटायझर यांचा धोका लगेच दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. अ‍ॅक्रिलिक साच्यात थंड होताना त्याच्या कडांना, कोपऱ्यांना, स्क्रूच्या भोवती ताण अडकून राहतो. अल्कोहोल तिथे शिरले की तो ताण मोकळा होतो आणि केसासारख्या चिरांचे जाळे उठते. कधी दहा मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी. दिवा लावला की आतून कोळ्याचे जाळे पेटल्यासारखे दिसते. या चिरा खोल असतात, पॉलिशने जात नाहीत.

आधी नखाने कड खरवडून पाहा. पापुद्रा सलग सुटला तर ती फिल्म आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे. भुगा निघाला तर स्प्रे. स्प्रेसाठी दोन मार्ग आहेत.

पहिला कॉस्टिक सोड्याचा. दिवा गाडीवरून काढता येत असेल तरच हा करा, कारण कॉस्टिक गाडीचा रंग आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खातो. बहुतेक हॅचबॅकमध्ये डिकीच्या आतून 10 मिमीचे दोन नट किंवा दोन स्क्रू काढले की टेललॅम्प मागे सरकतो. मग वायरचा कप्लर सोडवा. बल्बहोल्डर काढून घ्या आणि ती भोके चिकटपट्टीने घट्ट बंद करा. मागच्या बाजूला हवा जाण्यासाठी एखादे छोटे भोक किंवा नळी असते, तीही बंद करा. हे टाळू नका. आतला चकचकीत रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. कॉस्टिकचा एक ओघळ आत गेला की तो थर त्या वाटेने धुऊन जातो.

प्लास्टिकच्या बादलीत 400 मिली थंड पाणी घ्या आणि त्यात 25 ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा टाकत लाकडी काडीने ढवळा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही; तसे केले तर उकळून अंगावर उडते. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे अजिबात नको. द्रावण गरम होईल, ते निवू द्या. वेगळ्या भांड्यात 100 मिली पाण्यात 30 ग्रॅम मैदा गुठळ्या न ठेवता कालवा आणि निवलेल्या द्रावणात ओता. पाच मिनिटांत खळीसारखे घट्ट होते. मैद्याचे काम एवढेच, की द्रावण उभ्या पृष्ठभागावरून घरंगळू नये. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. ही खळी ब्रशने जाडसर लावा, वरून प्लास्टिकची पिशवी पसरा म्हणजे सुकणार नाही, आणि 20 ते 30 मिनिटांनी भांडी घासायच्या मऊ स्पंजने पुसा. रंग सुरकुतून, सायीसारखा निघायला हवा. थोडा राहिला तर पुन्हा एकदा, फार तर तीनदा. मग भरपूर पाण्याने धुवा. बोटाला लागणारा बुळबुळीतपणा पूर्ण गेला की कॉस्टिक गेला.

तीन वेळा करूनही रंग हलला नाही, तर वरून टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा पारदर्शक थर, मारलेला असणार. तो कॉस्टिकला दाद देत नाही. तिथे दुसरा मार्ग, वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर. दिवा गाडीवरून काढता येत नसेल तरी हाच. आजूबाजूच्या पत्र्यावर मास्किंग टेप दोन पदरी लावा. 1500 नंबरचा पेपर दहा मिनिटे पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका, आणि आडव्या दिशेने हलक्या हाताने घासा. ओघळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. आधी ते राखाडी-काळे येते. ज्या क्षणी त्यात गुलाबी झाक येईल, त्या क्षणी त्या जागेवर थांबा. गुलाबी पाणी म्हणजे स्प्रे संपला आणि टेललॅम्पचे अ‍ॅक्रिलिक झिजायला लागले. मग 2000 ने उभे, 3000 ने आडवे आणि शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारे पॉलिश. अ‍ॅक्रिलिक स्वतः ऊन चांगले सोसते, त्यामुळे टेललॅम्पवर पुन्हा लॅकर मारण्याची गरज नाही.

इंडिकेटरची पिवळी-नारिंगी काच पांढरी करायची आहे. ब्लीचमध्ये रात्रभर भिजवली, काहीच झाले नाही. ब्लीच कमी पडले का? – एक वाचक, नाशिक

ब्लीच कितीही घेतले तरी होणार नाही. हा रंग वरून दिलेला नाही. साच्यात ओतण्याआधीच तो प्लास्टिकच्या दाण्यात मिसळलेला असतो, म्हणजे आवरणाच्या पूर्ण जाडीत सारखा पसरलेला असतो. कडेची एखादी चीर पाहा, आतही तोच नारिंगी दिसेल. टेललॅम्पमधला लाल, पांढरा आणि नारिंगी भाग एकामागून एक ओतून एकजीव केलेला असतो, त्यालाही हेच लागू.

आणि तो रंग तिथे असायलाच हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 102 व्या नियमानुसार इंडिकेटर अंबर रंगाचा आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप करणारा हवा. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पांढरी दिसणारी आवरणे कंपनीकडून येतात, त्यांच्या आत अंबर बल्ब किंवा अंबर टोपी असते. त्या बल्बच्या दोन पिना एकमेकींच्या बरोबर समोर नसतात, मुद्दाम किंचित सरकवलेल्या असतात, म्हणजे पांढरा बल्ब चुकून बसू नये. होल्डरची खाच कापून पांढरा बल्ब बसवू नका. अंबर बल्बचा रंग पापुद्र्याने उडाला असेल तर बल्ब बदला. वरून रंगवलेला थर गरमीने महिनाभरातच जळतो.

आमच्या टेम्पोच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळ्या ऑइलपेंटने रंगवलेला आहे. तो काढावा का, आणि कसा? – एक वाचक, जत

काढाच. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून पूर्वी ट्रक-टेम्पोच्या दिव्यांवर असा काळा पट्टा मारत. हेतू चांगला होता. पण आपल्याकडच्या हॅलोजन हेडलाइटमधल्या एच-4 बल्बचे काम कसे चालते ते पाहिले की हा पट्टा उलटा पडतो. या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक 60 वॅटची अपरसाठी आणि दुसरी 55 वॅटची डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली वाटीसारखा पत्रा असतो. त्यामुळे डिपरवर उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून आवरणाच्या वरच्या भागातून तिरपा खाली रस्त्यावर जातो. म्हणजे वरचा भाग काळा केला की नेमका डिपरच जातो. ड्रायव्हरला पुढचे दिसत नाही, तो अपरवर चालवतो, आणि समोरच्याला आणखी त्रास होतो. शिवाय काळा रंग उष्णता शोषतो, त्याखालचे प्लास्टिक लवकर पिवळे पडते.

आता कसे काढायचे. नाण्याने हलके टिचकून पाहा. टण् असा आवाज आला तर खरी काच, टक् असा बसका आला तर प्लास्टिक. जुन्या ट्रकांना, अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीला खरी काच असे. काचेवर काही प्रश्नच नाही. साबणाचे पाणी लावून दाढीचे नवे ब्लेड आडवे, काचेला जवळजवळ टेकवून सरकवा, राहिलेले थिनरने पुसा. थिनर फक्त रबरी पट्टीवर जाऊ देऊ नका.

प्लास्टिक असेल तर ते पॉलिकार्बोनेट, म्हणून इथे स्पिरिट चालते आणि कॉस्टिक चालत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दिवा थंड हवा आणि गाडी सावलीत हवी. कापसाची पातळ घडी त्यात भिजवून रंगावर चिकटवा, वर प्लास्टिक लावा, 10 मिनिटे ठेवा. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने रंग ढकला. ब्लेड नको, त्याची एक रेघ जन्मभर दिसते. ऑइलपेंट वर्षभराच्या आतला असेल तर दोन-तीन घड्यांत सुटतो. अनेक वर्षे उन्हात भाजलेला असेल तर स्पिरिटने फक्त मऊ पडतो, सुटत नाही. मग 1000, 1500, 2000, 3000 असा वॉटर पेपर, आणि त्यानंतर नवा क्लिअर कोट देणे भाग आहे. कारण हेडलाइटवर कारखान्यातून उन्हापासून वाचवणारा कडक थर दिलेला असतो. पेपरने रंगाबरोबर तोही जातो, आणि उघडे पॉलिकार्बोनेट आपल्या उन्हात काही महिन्यांतच पिवळे पडते.

घरात संडास साफ करायचे अ‍ॅसिड, ब्लीच, काच पुसायचे निळे लिक्विड, खायचा सोडा, व्हिनेगर आणि टूथपेस्ट आहे. यातले कशावर काय चालेल? – एक वाचक, ठाणे

संडासाचे अ‍ॅसिड म्हणजे मिठाचे आम्ल. ते रंग काढत नाही, आणि आजूबाजूचे स्क्रू, क्लिप, क्रोमची पट्टी गंजवते. बाजूला ठेवा. ब्लीच रंगाच्या थराला सैल करत नाही. क्रोम केलेल्या प्लास्टिकवरचे क्रोम मात्र उतरवते. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद गॅरेजमध्ये ते जिवावर बेतू शकते.

काच पुसायच्या लिक्विडने धूळ आणि बोटांचे ठसे जातात. त्यात अमोनिया असेल तर हेडलाइटवर घडी भिजवून ठेवू नका, पॉलिकार्बोनेट पांढुरके पडते. व्हिनेगरचा उपयोग एकाच ठिकाणी, बांधकामाजवळ उभ्या केलेल्या गाडीवर उडालेल्या सिमेंट-चुन्याच्या शिंतोड्यांवर. समभाग पाणी घालून 15 मिनिटे ओली घडी ठेवा, शिंतोडा भुसभुशीत होतो. खायचा सोडा आणि टूथपेस्ट रसायन म्हणून नव्हे, तर बारीक घासणी म्हणून काम करतात. डांबराच्या ठिपक्यांवर खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटे थांबणे पुरते.

टूथपेस्टने पिवळा हेडलाइट स्वच्छ होतो असे व्हिडिओ आहेत. खरे का? – एक वाचक, बार्शी

होतो, थोडे दिवस. हेडलाइटचा पिवळेपणा हा रंग नव्हे. उन्हाने भाजून खराब झालेला वरचा थर आहे. पेस्टमधली पूड त्यातला थोडासा खरवडते. खाली नव्या संरक्षणाचा थर नाही, म्हणून पंधरवड्यात, महिन्यात पुन्हा मळकट दिसू लागतो.

आधी एक साधी परीक्षा करा. पिवळ्या दिव्यावर पाण्याचा हबका मारा. ओला असताना तो स्वच्छ दिसला तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, पेपर आणि पॉलिशने सुटेल. ओला असतानाही धुरकट राहिला तर दोष आत आहे: बाष्प, धूळ किंवा जळलेला रिफ्लेक्टर. बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. हीच परीक्षा पांढुरक्या झालेल्या लाल टेललॅम्पलाही लावा. पाण्याने गडद लाल झाला तर पॉलिशने येईल. ओलाही गुलाबीच राहिला तर उन्हाने प्लास्टिकमधला रंगच उडालेला आहे. तो परत आणता येत नाही, दिवा बदलायचा.

डासांचे मलम किंवा स्प्रे लावून दिवा चमकवण्याची युक्तीही पसरली आहे. त्यातले डीट नावाचे द्रव्य प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून गुळगुळीत करते, म्हणून क्षणभर चमक येते. नंतर तो थर मऊ आणि चिकट राहतो, धूळ त्यात रुतते आणि बारीक तडे जातात. करू नका.

हेडलाइटवर पेपर मारून झाल्यावर टू-के यूव्ही क्लिअर मारायचा तर दिवस निवडून घ्या. पावसाळी दमट हवेत क्लिअरवर दुधी सावट येते. पृष्ठभाग स्पिरिटने पुसा, पाच मिनिटे सुकू द्या, बोट न लावता दोन पातळ हात मारा, दोहोंत दहा मिनिटांचे अंतर ठेवा. एकच जाड हात दिलात तर ओघळ येतो.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना हेडलाइट आणि टेललॅम्पवर हळद-कुंकू लावले. धुतल्यावर पिवळे-लाल डाग राहिले, साबण लावला तर आणखी लाल झाले! – एक वाचक, वाई

लाल झाले हे अगदी बरोबर झाले. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लात किंवा साध्या पाण्यात तो पिवळा असतो, क्षारात लालसर तपकिरी होतो. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते, आणि कपडे धुण्याचा साबण क्षारच आहे. त्यावर लिंबू चोळले तर डाग पुन्हा पिवळा होतो. पण तो गेला असे समजू नका, फक्त रंग बदलला.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून पूजेनंतर पाणी न लावता आधी कोरड्या मऊ ब्रशने पूड झटकून टाका. ओल्या फडक्याने पुसले की पूड रेघांमध्ये भरते आणि तिच्यातली कचकच नवे ओरखडे काढते. मग प्रत्येक दिव्यासाठी एक चमचा खोबरेल तेल कापसावर घेऊन लावा आणि दहा मिनिटे थांबा. कापूस पिवळा होऊन निघेल. नवा कापूस, पुन्हा एकदा. त्यानंतर एक लिटर पाण्यात अर्धा चमचा गाडीचा शाम्पू घालून धुवा. कपड्यांचा साबण नको. उरलेल्या फिकट पिवळ्या छटेला घासत बसू नका. गाडी दोन दिवस त्या बाजूने उन्हात उभी करा. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. साड्यांवरचा हळदीचा डाग आपण उन्हात घालतो तो याचसाठी.

कुंकवाचे मात्र वेगळे. आजच्या बऱ्याच कुंकवात हळद नसते, कृत्रिम लाल रंग असतो, आणि तो उन्हाने लगेच उडत नाही. हेडलाइटवर तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो: एकदा पुसायचे आणि लगेच पाण्याने धुवायचे. टेललॅम्पवर स्पिरिट नको, तिथे तेल आणि मग रबिंग कंपाउंड. पण लाल टेललॅम्पवर लाल डाग दिसतो तरी किती. पांढऱ्या रिव्हर्स लाइटच्या भागापुरतेच हे करा. पुढच्या वर्षी स्वस्तिक बॉनेटवर काढा आणि दिव्यांना फुले वाहा. पत्र्यावरचा क्लिअर कोट शाबूत असेल तर हळद त्यात मुरत नाही, ओरखडे पडलेल्या प्लास्टिकमध्ये मुरते.

पावसाळ्यासाठी हेडलाइटवर पिवळी फिल्म लावली होती. आता ती वाळून तुकड्यातुकड्यांनी निघते आणि खाली गोंद राहतो. – एक वाचक, चिपळूण

केस वाळवायचा ड्रायर घ्या, गॅरेजमधली हीट गन नको. हीट गनची हवा शेकडो अंशांवर जाते. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडून वाकते. ड्रायर 15 सेंटिमीटरवर ठेवून सतत फिरवत राहा. तळहात टेकवला तर चटका बसून लगेच उचलावासा वाटेल, एवढी गरमी पुरे. फिल्मचे टोक उचलून ते पूर्ण मागे दुमडा आणि पृष्ठभागाला समांतर, सावकाश ओढा. सरळ बाहेर ओढली की फिल्म तुटते आणि गोंद खाली राहतो. राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल, अर्धा तास, मग अंगठ्याने चोळून गोळ्या करून काढा. पेट्रोलने तो झटक्यात निघतो हे खरे आहे. पण ताणाखाली असलेले पॉलिकार्बोनेट पेट्रोलने तडकते आणि तडे बहुधा बल्बच्या वरच्या गरम भागात दिसतात.

मुलाने 1:24 मापाच्या प्लास्टिक मॉडेल गाडीच्या पारदर्शक दिव्यांना चुकून लाल रंग दिला. तो काढता येईल का? हेडलाइटच्या आतले क्रोमही काढून त्याला पुन्हा रंगवायचे आहे. – एक पालक, पुणे

इथे तिसरेच प्लास्टिक आहे, पॉलिस्टायरीन, आणि त्याचे नियम वेगळे. स्पिरिट त्याला चालते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी ते लोण्यासारखे विरघळते. आणि वर दोन-तीनदा सांगितलेले खोबरेल तेल इथे वापरू नका. पॉलिस्टायरीनच्या पातळ, ताणलेल्या भागांना तेलानेही चिरा पडतात.

रंग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक असेल, आणि मुलांच्या हातात बहुधा तोच असतो, तर काम सोपे आहे. झाकणाच्या छोट्या डबीत 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दिवे त्यात 10 मिनिटे बुडवा, मऊ टूथब्रशने कोपरे हलके साफ करा, शाम्पूच्या पाण्यात धुवा आणि फडक्यावर वाळवा. टिश्यू पेपरने पुसू नका, पारदर्शक पॉलिस्टायरीनवर त्याचे ओरखडे येतात. दिवे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात, तिच्यापासून शक्यतो न तोडता बुडवा. तोडले तर 4 मिलिमीटरचा तुकडा मोरीत वाहून जातो, म्हणून डबीवर गाळणी ठेवा. रंग एनॅमलचा असेल तर तो स्पिरिटला फारसा हलणार नाही. अशा वेळी नवे पारदर्शक तुकडे मागवणे किंवा लाल तसाच ठेवून ते दिवे मागे बसवणे बरे.

क्रोम म्हणजे इथेही अ‍ॅल्युमिनियमचाच पातळ थर, आणि तो साध्या, सुवास नसलेल्या ब्लीचमध्ये सुटतो. खिडकी उघडी ठेवा, मोठ्या माणसाने हातमोजे घालून करा. भाग पूर्ण बुडेल एवढे ब्लीच घ्या, पाणी घालू नका. 10 मिनिटांत चमक करडी होते आणि बहुधा तासाभरात पूर्ण उतरते. खाली फिकट पिवळसर लॅकर दिसले तर घाबरू नका. क्रोम गुळगुळीत बसावे म्हणून आधी तो थर दिलेला असतो. नव्या रंगाला तो अडवत नाही, फक्त 2000 च्या पेपरचा एक ओला हात फिरवा. चिकटवायच्या जागी मात्र तो खरवडून काढायलाच हवा, नाहीतर प्लास्टिकचा गोंद प्लास्टिकपर्यंत पोहोचतच नाही आणि दिवा पहिल्याच धक्क्याला सुटून येतो.